‘वाइल्डवूड फ्लॉवर’ गिटारवर: चाल अंगठ्यात, ठेका तर्जनीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी, एफ, जी हे कॉर्ड येतात, साधे स्ट्रमिंगही जमते. कार्टर फॅमिली या जुन्या अमेरिकन कंट्री गायक-त्रयीचे ‘वाइल्डवूड फ्लॉवर’ अकूस्टिक गिटारवर बसवायचे आहे. टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांनी दाखवणारे लेखन) बघून सूर वाजवले की ठेका गळून पडतो आणि ठेका धरला की चाल हरवते. दोन्ही एका हाताने कसे वाजवायचे? आणि या गाण्याला कंट्री संगीतात एवढा मान का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून पार्श्वभूमीपासूनच सुरुवात करू.

१९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी काम करणारे राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन ब्रिस्टल या गावी आले. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या अगदी सीमेवर वसलेले आहे. आसपासच्या डोंगराळ भागातले गाणारे-वाजवणारे तिथे जमले. त्यात तिघेजण व्हर्जिनियातल्या पुअर व्हॅलीतून आले होते: ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि सारा यांची चुलतबहीण मेबेल. मेबेल ए. पी. यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे नात्याने सारा यांची जाऊही. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि सातवा महिना चालू होता. सारा मुख्य आवाज लावत आणि ऑटोहार्प (बटण दाबून कॉर्ड वाजवायचे तंतुवाद्य) वाजवत, ए. पी. अधूनमधून खालचा आवाज मिसळत. गिटार मेबेल यांच्याकडे.

पुढच्या वर्षी, मे १९२८ मध्ये, न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे जी गाणी मुद्रित झाली त्यात ‘वाइल्डवूड फ्लॉवर’ होते. त्याच महिन्यात मेबेल यांना १९ वर्षे पूर्ण झाली.

आता या तिघांच्या वाद्यांकडे बघा. फिडल नाही, बँजो नाही. त्या काळच्या डोंगराळ वाद्यवृंदांत चाल वाजवायची ती फिडलने किंवा बँजोने, आणि गिटारने मागे बसून ठेका द्यायचा, अशी वाटणी होती. इथे चाल वाजवायला दुसरे कोणी नव्हतेच. ऑटोहार्पवर कॉर्ड छान वाजतात, पण दोन कडव्यांच्या मधली जागा तेवढ्याने भरत नाही. मग गिटारने चालही वाजवायची आणि ठेकाही सोडायचा नाही, असे दुहेरी काम मेबेल यांच्या उजव्या हातावर आले. अंगठ्याने जाड तारांवर चाल, आणि तर्जनीने बारीक तारांवर हलका फराटा. या वादनाला पुढे ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणू लागले. गिटार हे पुढे बसून बोलणारे वाद्य आहे, हे कंट्री संगीताला ज्या मोजक्या मुद्रणांनी शिकवले त्यांत हे गाणे अगदी वरच्या जागी आहे. त्याचा मान आहे तो यासाठी.

गाणे मात्र कार्टर कुटुंबाने रचलेले नाही. १८६० मध्ये अमेरिकेत घराच्या दिवाणखान्यात पियानोवर म्हणायची एक प्रेमभंगाची कविता छापली गेली. संगीत जोसेफ फिलब्रिक वेबस्टर यांचे, शब्दांवर नाव मॉड अर्विंग असे. छापील कागदावरून ती तोंडी गेली आणि साठ-सत्तर वर्षे तोंडीच फिरली. या प्रवासात शब्द झिजले. मूळ ओळीतल्या ‘रिंगलेट्स’चे, म्हणजे कुरळ्या बटांचे, कार्टर कुटुंबाच्या मुद्रणात ‘मिंगल्स’ झाले आणि एका फुलाचे नाव तर ओळखू न येण्याइतके बदलले. आपल्या ओव्यांत, अभंगांत गावागणिक पाठभेद सापडतात तसाच हा प्रकार. त्यामुळे इंटरनेटवर पाच ठिकाणी पाच तऱ्हेचे शब्द दिसले तर गोंधळू नका. गाताना एक पाठ धरा आणि तोच शेवटपर्यंत ठेवा. चालीच्या ताकदीचा आणखी एक पुरावा: ३१ ऑक्टोबर १९४१ रोजी ‘रुबेन जेम्स’ ही अमेरिकन विनाशिका जर्मन पाणबुडीने बुडवली, त्यावर अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री यांनी गाणे केले तेव्हा कडव्यासाठी हीच चाल घेतली.

आता हातात गिटार घ्या.

आधी वाद्य तपासू, कारण निम्म्या तक्रारी हाताच्या नसून वाद्याच्या असतात. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहाव्या (सर्वांत जाड) तारेची फ्रेटपासूनची उंची साधारण २.४ मिलिमीटर आणि पहिल्या (सर्वांत बारीक) तारेची २ मिलिमीटरच्या आत असावी. मग तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार व धातू यांच्यामध्ये किती फट राहते ते बघा. केसाएवढी फट हवी. तिथे कागदाच्या चार घड्या बसत असतील तर नट (गळ्याच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) उंच आहे. अशा गिटारवर एफ कॉर्ड कितीही सराव केला तरी दुखतच राहणार, ती दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. तारा बारा गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) ‘लाइट’ संचाच्या ठीक, बोटे नवी असतील तर अकराचा संच घ्या. त्याहून बारीक तारांवर अंगठ्याने चाल वाजवली की सूर पातळ येतो आणि या गाण्याचा सगळा भर तर जाड तारांवर आहे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात लाकूड फुगून तारा आपोआप उंचावतात आणि गंजतातही. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणे आणि गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवणे, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो.

मेबेल यांची गिटार होती गिब्सन एल-५, १९२८ ची. पोट फुगीर, व्हायोलिनसारखी एफच्या आकाराची छिद्रे असलेली, आणि त्या काळी २७५ डॉलरची, म्हणजे फारच महागडी. आज ती नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. तशा गिटारचा सूर लवकर विझतो, म्हणून अंगठ्याचा प्रत्येक सूर सुटा आणि ठसठशीत ऐकू येतो. आपल्या नेहमीच्या गोल छिद्राच्या गिटारवर सूर जास्त वेळ रेंगाळतो. तो सुटेपणा हवा असेल तर उजवा हात छिद्रावर न ठेवता दोन-तीन बोटांच्या रुंदीएवढा ब्रिजकडे (पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिकडे) सरकवा.

मेबेल अंगठ्यात थंबपिक (अंगठ्यात घालायची नखी) आणि तर्जनीत धातूचा पिक घालत. सुरुवातीला तुम्ही तर्जनी मोकळीच ठेवा, नखाचा फराटा पुरतो. थंबपिक मात्र पहिल्या दिवसापासून वापरा, कारण नंतर घातला तर हाताचे अंतर पुन्हा शिकावे लागते. प्लॅस्टिकचा थंबपिक घट्ट होत असेल तर गरम पाण्यात काही सेकंद धरून नरम झाला की हलकेच उघडा आणि आकार धरेपर्यंत तसाच ठेवा. सैल असेल तर असाच दाबून घ्या. पिकाचे टोक अंगठ्याच्या पुढे फार आले तर ते तारेत अडकते. लांब वाटले तर कानशीने घासून थोडे कमी करा.

डाव्या हाताची पकड सगळी सी कॉर्डची. अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर. हा सी म्हणजे आपला षड्ज धरा. आता पहिल्या ओळीची चाल सरगममध्ये लिहितो, कारण मराठी वाचकाला टॅबपेक्षा ती पटकन तोंडी येते. सगळे स्वर शुद्ध आहेत:

ग म | प – ध सां | ग – म ग | रे – ग रे | सा –

उभ्या रेघांच्या मधले प्रत्येक आवर्तन चार मात्रांचे. सुरुवातीचे ‘ग म’ हा उठाव आहे: गाणे समेच्या दोन मात्रा आधी उठते आणि पंचमावर सम पडते. टॅबमध्ये हे लक्षात येत नाही, म्हणून बरेचजण पहिल्या ‘ग’लाच सम समजून वाजवतात आणि सगळा ठेका दोन मात्रांनी सरकतो. कॉर्डही मग चुकीच्या जागी बदलतात. वाजवायच्या आधी टाळी देत दहा वेळा म्हणा. टाळी पंचमावर, मग दुसऱ्या आवर्तनाच्या ‘ग’वर, मग ‘रे’वर, मग ‘सा’वर.

आता हेच स्वर बोटांखाली कुठे आहेत ते बघा. या गाण्याची गंमत इथे आहे.

‘ग’ म्हणजे चौथ्या तारेचा दुसरा फ्रेट. मधले बोट तिथे आधीच आहे. ‘म’ त्याच तारेचा तिसरा फ्रेट. तिथे करंगळी टेकवायची, मधले बोट खाली तसेच ठेवायचे. ‘प’ म्हणजे मोकळी तिसरी तार, काही दाबायचे नाही. ‘ध’ तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट. मधले बोट चौथ्या तारेवरून उचलून तिसऱ्या तारेवर, त्याच फ्रेटमध्ये. ‘सां’ दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट, तिथे तर्जनी बसलेलीच आहे. लगेच मधले बोट परत चौथ्या तारेवर, तो झाला ‘ग’. ‘रे’साठी मधले बोट नुसते उचलायचे, कारण ‘रे’ म्हणजे मोकळी चौथी तार. आणि शेवटचा ‘सा’ पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, अनामिकेखाली.

म्हणजे चाल शोधायला कॉर्ड सोडून कुठे जावे लागत नाही. अनामिका आणि तर्जनी जवळजवळ पूर्ण ओळभर जागच्या हलत नाहीत. एकटे मधले बोट चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ये-जा करते आणि करंगळी ‘म’पुरती येऊन जाते. हे गाणे सी च्या पकडीत वाजवायचे ते एवढ्यासाठीच. जीच्या पकडीत ही सोय मिळत नाही. सोपे कॉर्ड म्हणून जीमध्ये उतरवलेली टॅब घेतली असेल तर ती बाजूला ठेवा.

तिसऱ्या आवर्तनात, ‘रे – ग रे’ या जागी, कॉर्ड जी सेव्हन होतो. शिकणारा इथे तिन्ही बोटे उचलून जी सेव्हनची पूर्ण मोठी पकड घ्यायला धावतो आणि ठेका तिथेच अडखळतो. त्याची गरज नाही. अनामिका पाचव्या तारेवर तशीच राहू द्या. मधले बोट ‘रे’साठी उचललेलेच आहे. तर्जनी फक्त दुसऱ्या तारेवरून पहिल्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर सरकवा. आता बारीक तीन तारांवर फराटा मारला की तिसरी मोकळी, दुसरी मोकळी आणि पहिलीचा पहिला फ्रेट, म्हणजे प, नि आणि म हे स्वर येतात. हाच जी सेव्हनचा गाभा. पाचव्या-सहाव्या तारेला या आवर्तनात अंगठा लागतच नाही, मग तिथे काय धरले आहे याने फरक पडत नाही. ‘ग’साठी मधले बोट चौथ्या तारेवर परत टेकवा, उचला, आणि ‘सा’ला अनामिका तयारच बसलेली असते. तर्जनी तेवढी दुसऱ्या तारेवर परत आणा. एका बोटाच्या या सरकण्याने निम्मी अडचण सुटते.

आता उजवा हात. प्रत्येक आवर्तनात पहिल्या मात्रेला अंगठा चालीचा स्वर वाजवतो, दुसऱ्या मात्रेला तर्जनी बारीक तारांवर खालच्या दिशेने फराटा मारते, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पुन्हा अंगठा चालीचे दोन स्वर. पहिले आवर्तन असे: प, फराटा, ध, सां. दुसरे: ग, फराटा, म, ग. तिसरे: रे, फराटा, ग, रे. चौथे: सा, फराटा, आणि लगेच पुढच्या ओळीचा उठाव ग, म. दुसरी ओळ पहिल्यासारखीच.

हे हळू जमले की फराट्याला जोड द्या: दुसऱ्या मात्रेवर खाली आणि तिच्या निम्म्यावर वर. ‘प, छिक्-छि, ध, सां’ असा तोंडाने बोल म्हणत वाजवा. वरच्या दिशेचा फराटा एका किंवा दोन तारांचाच असावा, तो ऐकू येण्यापेक्षा जाणवावा. वरचा फराटा जोरात आला की गाणे घोड्याच्या टापांसारखे धावायला लागते आणि शब्दांतली उदासी संपते.

अंगठ्याची एक सवय पहिल्यापासून लावून घ्या. तार वाजवून अंगठा हवेत उचलू नका, तो पुढच्या, म्हणजे तिच्या खालच्या बारीक तारेवर टेकू द्या. चौथी वाजवली की तिसरीवर विसावा. यामुळे आघाताला वजन येते, सूर जाड होतो आणि अंगठ्याला आपण कुठे आहोत हे न बघता कळते. चाल ऐकू येत नाही या तक्रारीवर बहुतेक वेळा हाच उपाय लागू पडतो, जोर वाढवणे हा नव्हे. दुसरी गोष्ट, फराटा पहिल्या तीन तारांच्या वर जाऊ देऊ नका. सहाही तारांवर हात फिरला की अंगठ्याने नुकताच वाजवलेला स्वर त्यात बुडतो.

अंगठा दुसऱ्या तारेवरच्या ‘सां’पर्यंत चढतो तेव्हा तर्जनीशी त्याची टक्कर होते. मनगट सुरुवातीपासून थोडे खालच्या, म्हणजे बारीक तारांच्या दिशेला ठेवा आणि अंगठा तर्जनीच्या पुढे, गळ्याच्या बाजूला राहू द्या. अंगठा आणि तर्जनीचा आकार वरून पाहिला तर फुलीसारखा दिसला पाहिजे. चिमटीसारखा दिसत असेल तर ती दोन्ही एकाच जागेसाठी भांडणार.

‘म’ दबका येतो, ही आणखी एक नेहमीची तक्रार. करंगळी आडवी पडून तिसऱ्या तारेला लागते, म्हणून पुढचा ‘प’ही मेल्यासारखा येतो. डावा कोपर अंगाकडे थोडा आणा, तळहात गळ्यापासून किंचित दूर करा, मग करंगळी टोकावर उभी राहते. आणि ‘ध’ घेताना तर्जनी नकळत उचलली जाते, तेही बघा. ती उचलली की दुसरी तार मोकळी राहून निषाद वाजतो आणि सी कॉर्डमध्ये तो कानाला टोचतो. चाल बरोबर वाजत असूनही काहीतरी बिघडल्यासारखे वाटते त्याचे कारण बहुधा हा निषाद असतो.

दुसऱ्या आवर्तनातल्या पहिल्या ‘ग’ला हॅमर-ऑन द्या. चौथी तार मोकळी वाजवा आणि लगेच मधले बोट दुसऱ्या फ्रेटवर आपटून ‘रे’चा ‘ग’ करा. हा आपल्या कणासारखाच आहे: ‘रे’ला नुसता स्पर्श, वजन ‘ग’वर. बोट उंचावरून मारायची गरज नाही, तारेपासून बोटभर अंतर पुष्कळ झाले. पण ते फ्रेटच्या धातूच्या अगदी मागे पडले पाहिजे. फ्रेटच्या मधोमध पडले तर ‘ग’ उमटतच नाही, नुसता ठक् आवाज येतो. प्रत्येक ओळीत प्रत्येक ‘ग’ला हे करत बसू नका. एका ओळीत एकदा झाले तर ते गाण्याचे अंग वाटते.

तिसरी ओळ वेगळी आहे. चाल वर चढते आणि कॉर्ड सी, सी, एफ, सी असे जातात. इथे टॅबपेक्षा कानावर जास्त विसंबा. ओळ ऐकून, गुणगुणून, मग वरच्या तारांवर स्वर शोधा. लागणाऱ्या जागा पहिल्या तीन फ्रेटमध्येच आहेत: मोकळी तिसरी तार ‘प’, तिचा दुसरा फ्रेट ‘ध’, दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट ‘सां’, तिसरा फ्रेट ‘रें’, आणि मोकळी पहिली तार ‘गं’. अंगठा एवढा खाली आला की फराट्याला एक-दोनच तारा उरतात, तेवढ्या पुरतात. काहीच उरत नसेल तर ती मात्रा रिकामी सोडा, ठेका मनात चालू ठेवा. एफसाठी बार कॉर्ड (एका बोटाने सहाही तारा दाबायची पकड) नको. तर्जनी आडवी ठेवून पहिल्या दोन तारा पहिल्या फ्रेटवर दाबा, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. या पकडीत ‘ध’ आयताच मधल्या बोटाखाली आणि ‘म’ अनामिकेखाली येतो. चौथ्या ओळीचा शेवट पुन्हा ‘रे – ग रे | सा’ असाच.

सी वरून एफकडे जाताना खालच्या तारांवर ‘सा रे ग म’ अशी पायरी चढता येते: पाचवीचा तिसरा फ्रेट, मोकळी चौथी, तिचा दुसरा फ्रेट, तिचा तिसरा. जीवरून सी वर येताना ‘प़ ध़ नि़ सा’: सहावीचा तिसरा फ्रेट, मोकळी पाचवी, तिचा दुसरा, तिचा तिसरा. या पायऱ्या फक्त गाताना साथीला वापरा. चाल वाजवत असताना त्या मध्ये घुसवल्या तर ऐकणाऱ्याला चाल कोणती आणि भर कोणती ते कळत नाही.

सरावाचा वेग मेट्रोनोमवर ७० ठेवा, प्रत्येक मात्रेला एक टिक. पहिले तीन-चार दिवस फक्त पहिली ओळ. सलग पाच वेळा न अडखळता झाली की वेग पाचाने वाढवा. १६० च्या आसपास गाणे आरामात चालते. त्याहून वेगाने वाजवणारे पुष्कळ आहेत, कारण पुढे फ्लॅटपिकवाल्यांनी (चिमटीत धरलेल्या चपट्या पिकाने वाजवणाऱ्यांनी) याला वेगाची परीक्षाच करून टाकले. पण शब्द एका सोडून दिलेल्या मुलीचे आहेत. वेग वाढवण्याआधी ते एकदा म्हणून बघा.

मूळ मुद्रणाबरोबर वाजवायला गेलात आणि जुळले नाही तर गोंधळू नका. मेबेल पकड सी ची ठेवत, पण सारा यांच्या आवाजासाठी गिटार पुष्कळदा नेहमीपेक्षा खाली लावत. सहाही तारा अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरवत मुद्रणाशी मिळवा. कॅपो (गळ्यावर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) इथे कामाचा नाही, तो सूर फक्त वर नेतो. आणि कार्टर कुटुंबाच्या मुद्रणांत ओळीच्या टोकाला एखाद-दोन मात्रा वाढणे किंवा कमी होणे नेहमीचे आहे. श्वासाप्रमाणे ओळ संपते, मोजून नव्हे. त्या मुद्रणाबरोबर वाजवताना मेट्रोनोम बंद ठेवा आणि सारा यांचा श्वास ऐका. एकटे किंवा मित्रांबरोबर वाजवताना मात्र चार-चार मात्रांचा हिशेब सरळ ठेवा, नाहीतर साथीदार प्रत्येक ओळीला वेगळीकडे जाऊन पडतात. दुसरे ऐकण्यासारखे मुद्रण १९७२ च्या ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ या संग्रहातले. त्यात नवी पिढी आजूबाजूला बसली आहे आणि मेबेल स्वतः हे गाणे म्हणतात. मुद्रण स्वच्छ असल्याने अंगठा आणि फराटा वेगवेगळे कानावर पडतात.

स्वतः गाणार असाल तर कॅपो तुमच्या पट्टीप्रमाणे लावा. कॅपोशिवाय सी म्हणजे पांढरी एक. पहिल्या फ्रेटवर काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन, पाचव्यावर पांढरी चार. चाल मध्य षड्जापासून तार सप्तकात चढते, म्हणून पट्टी ठरवताना पहिली ओळ म्हणून बघू नका, तिसरी म्हणून बघा. तिथे आवाज ताणला जात असेल तर कॅपो खाली आणा. पाचव्या फ्रेटच्या वर कॅपो गेला की जाड तारांचा भरदारपणा जातो आणि गिटार मँडोलिनसारखी किणकिणू लागते. तशी वेळ आली तर तारा दोन अर्धस्वर उतरवून खालच्या सप्तकात गाणे बरे.

गाताना चाल वाजवू नका. कडवे म्हणताना अंगठा नुसता मूळ स्वरावर, सीला पाचवी तार आणि मग चौथी, मध्ये फराटा, एवढाच ठेका. कडवे संपले की तोच ठेका न मोडता अंगठ्याने चाल उचलायची. हा सांधा शिकताना सर्वांत जास्त निसटतो, कारण गाणे संपताच हात क्षणभर थांबतो आणि ‘ग म’ हा उठाव उशिरा येतो. शेवटच्या शब्दाच्या ‘सा’वर फराटा झाला की पुढच्याच मात्रेला ‘ग’ हवा. एवढा एकच तुकडा, कडव्याचे शेवटचे आवर्तन आणि चालीचे पहिले, सुटा काढून रोज वीस वेळा घोटा. शेवट करताना उठाव गाळा: ‘सा’ पाचव्या तारेवर, एक हलका फराटा, आणि तळहाताची कड तारांवर न टेकवता सूर आपोआप विरू द्या.